अर्धं सोललेलं लिंबू

चित्राला कुणी ‘छान’ म्हटलं की सुरडकर सर तोंड फिरवायचे. "छान म्हणणारा माणूस पाहून नाही राह्यला, पुढं सरकून राह्यला," हे त्यांनी हेडमास्तरांनाही तोंडावर ऐकवलं होतं.

धाड गावातल्या आमच्या हायस्कुलात ते चित्रकला शिकवत. वर्गात चित्र एकच, नागपूरच्या रद्दीबाजारात मिळालेलं परदेशी कॅलेंडरचं पान. हॉलंडमधलं फार जुनं चित्र. टेबलावर काचेचा पेला, विझलेली मेणबत्ती आणि अर्धं सोललेलं लिंबू. त्याची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबलेली.

विझलेली मेणबत्ती म्हणजे सरलेलं आयुष्य, लिंबू म्हणजे वरून देखणा, आतून आंबट संसार, असं सरांनी एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ते घडाघडा म्हणून दाखवलं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलेलं नव्हतं. पाठ करणं म्हणजेच शिकणं, अशी माझी समजूत.

"डोळे हायेत का बटनं बे?" सर कडाडले. "लिंबाचा रंग सांग."

"पिवळा."

"हे तर म्हैसबी सांगते. साल कशी निघाली?"

आमच्याकडे लिंबू कापतात, सोलतं कोण? सरांनी बाजारातून लिंबं आणवली आणि माझ्या हाती चाकू दिला. साल पाचदा तुटली. सहाव्यांदा ती वळत वळत खाली उतरली, आतला ओलसर पांढरेपणा उजेडात चमकला, आणि चित्रातलं लिंबू मला पहिल्यांदा दिसलं.

"सांग आता अर्थ. आता काऊन गप बसला?"

सर निवृत्त झाल्यावर शाळेनं ते पान रद्दीत काढलं. सरांनी ते घरी नेलं. बी.ए. झाल्यावर मी पेढे घेऊन गेलो, तोवर काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली होती. चित्र मात्र भिंतीवर होतं.

"बी.ए. झाला म्हणते. तेबी पाठ करूनच झाला असशील. सांग, काय दिसते?"

मी बराच वेळ पाहिलं. "पेल्यावर खिडकी आहे, सर. चित्रात कुठंच नाही, पण काचेत तिचं प्रतिबिंब उतरलंय. चार तावदानं."

"म्हणजे बटनं माह्येच होते बे," सर म्हणाले. तुच्छता तीच, फक्त या वेळी स्वतःसाठी. मग पुढं झुकले.

"खिडकीबाहेर काय हाये?"

"तेवढं बारीक दिसत नाही, सर."

"दिसत नाही म्हणते! पाह्य."

मी खुर्ची भिंतीजवळ ओढली आणि पाहत बसलो.