परांजप्यांची मटकी आणि कापलेल्या आठ ओळी

पेपरात छापलेलं दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. ते छापताना जे घडतं ते मात्र कुठेच जात नाही. चहाला चार जण जमले की पुन्हा वर येतं, आणि दर वेळी त्यात एखादं वाक्य वाढलेलं असतं. आमच्या ऑफिसातलं कडधान्याचं प्रकरण असंच वाढत चाललंय. निदान एकदा तरी ते जसं घडलं तसं लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप. बातमी माझी होती, तेव्हा अधिकारही माझाच!

*

परांजपे आमचे चीफ सब. आम्ही बातमीदारांनी लिहून आणलेलं तपासायचं, मथळा द्यायचा आणि पानात मावेल तेवढं ठेवून बाकीचं कापायचं, हे त्यांचं काम. त्यातलं शेवटचं ते जरा जास्तच प्रेमाने करतात.

गेल्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज आली. औषधं सुरू झाली आणि त्रास शमेपर्यंत कडधान्यं बंद. सहा महिने डब्यात मऊ भात आणि दुधी. हा माणूस मटकीची उसळ असली की पोळीकडेही न बघणारा. दुपारी एकला सगळ्यांचे डबे उघडले की ते नुसते वास घेत बसायचे.

एकदा ईशा, आमची सर्वांत नवी उपसंपादक, डब्याच्या झाकणाशी झटत होती. परांजपे दोन टेबलं पलीकडून म्हणाले, "मटकी आहे. मोड अजून एक दिवस यायला हवे होते."

ईशाने झाकण काढून पाहिलं. मोड खरंच आखूड होते.

"सर, हे आता क्रीपी होतंय," ती म्हणाली.

*

पुढे परांजप्यांचं पोट शांत झालं. प्रश्न एकच उरला: उसळ पुन्हा खाता येईल का? डॉक्टरांकडची त्यांची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती, पण आमच्या ऑफिसात सल्ल्याला तारीख लागत नाही. एक म्हणे, आता जन्मभर बंद. दुसरा म्हणे, कडधान्य हेच औषध. इंटरनेटवर दोन्ही मतं सारख्याच ठणठणीत आवाजात. मला अशा वेळी चीड येते. म्हटलं, बातमीच करते.

सदाशिव पेठेत परांजप्यांच्याच डॉक्टरांकडे गेले. परांजप्यांचा विषय काढला नाही. एका पेशंटच्या पोटाबद्दल ते बाहेर बोलले नसतेच. कडधान्यांबद्दल मात्र त्यांनी नीट समजावलं. त्यांतला काही चोथा आपल्याला पचत नाही, तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून जे तयार होतं त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. सूज कमी राहायला त्याची मदत होऊ शकते.

मला ते 'शकते' नको होतं.

"म्हणजे सूज कमी होते?" मी विचारलं.

"होऊ शकते."

"अहो डॉक्टर, आपण तीस वर्षं हेच काम करताय. ठामपणे काही सांगाल की नाही?"

"तीस वर्षं करतोय म्हणूनच नाही," ते म्हणाले.

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. ज्यांच्या आतड्याला आधीच सूज आहे किंवा नुकती होऊन गेली आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. परवानगी मिळाली तरी दोन चमच्यांपासून, चांगलं भिजवून, अगदी मऊ शिजवून. हे लिहाच, म्हणाले. मी लिहिलं. आठ ओळींचा शेवटचा परिच्छेद केला.

*

सावधगिरीचं सगळं बातमीच्या शेवटी घालायचं, ही आम्हा बातमीदारांची सवय. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, ही डेस्कची. या दोन सवयी एका छपराखाली नांदतात, याचं मला इतक्या वर्षांत कधी आश्चर्य वाटलं नव्हतं.

सकाळी पेपर उघडला. मथळा होता, 'कडधान्ये खा, आतड्याची सूज पळवा'. शेवटचा परिच्छेद नव्हता. तशीच ऑफिसात गेले. परांजपे चहा पीत होते.

"माझा शेवटचा पॅरा कुठाय?"

"ऐन वेळी जाहिरात आली, बाई. प्रेशर कुकरची. तिच्याखाली आहे तुमचा पॅरा."

"आणि 'होऊ शकते' कुठाय?"

"ते मथळ्यात मावत नव्हतं."

मी जे बोलले त्यातलं फारसं छापण्याजोगं नाही असं कुणी म्हणेल, म्हणून इथे मीच कापते. दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आणला. सहाव्या पानावर, तीन ओळी, भविष्याच्या शेजारी. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

*

मूळ बातमी मात्र सगळ्यांनी वाचली. नारायण पेठेतून एका गृहस्थांचा फोन आला. आपण उसळीचं लिहिलंत, आमटीबद्दल मौन पाळलंत, ते मुद्दाम की अज्ञानातून, अशी त्यांनी शांतपणे विचारणा केली. दुसरे एक आजोबा म्हणाले की आपला पेपर मी चाळीस वर्षं घेतो, पण पोट त्याहून जुनं आहे, तेव्हा पोटाचं ऐकतो.

सगळ्यांत नेमकी चूक पकडली ती आमचा फोटोग्राफर संपत याच्या आईने. संपत पुण्याजवळच्या मांजरी गावचा. त्याने घरी बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती.

"आई म्हणती, भिजवायचं कुठं लिवलंय? आमी म्हशीलाबी भिजवूनच घालतो."

हा अभिप्राय मी परांजप्यांना जसाच्या तसा पोचवला. त्यांनी खाली मान घालून पान लावण्याचं नाटक केलं.

*

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण परांजप्यांच्या घरी सुनंदावहिनीही आमचाच पेपर वाचतात. आणि गेली पंचवीस वर्षं परांजपे त्यांना सांगत आलेत की आमच्याकडे छापून येतं ते तपासलेलंच असतं.

बातमी आली त्याच दिवशी डब्यात मटकीची उसळ आली. पुढे चवळी, मग हरभरा, मग वाल. चार दिवस वाटीभर, कधी दोन वाट्या. पाचव्या दिवशी परांजपे दर अर्ध्या तासाला जागेवरून उठू लागले. चेहरा पांढरा. आमची चेष्टा आपोआप बंद झाली. गेल्या वर्षी त्यांना हॉस्पिटलात बघून आलो होतो आम्ही, ते पुन्हा नको होतं. आणि बातमी माझी होती, याची मला कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

"आजच डॉक्टरांकडे जा," मी म्हटलं.

"तुम्ही चला बरोबर," ते म्हणाले. "सुनंदाही येतेय."

*

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्ताच्या आणि शौचाच्या तपासण्या सांगितल्या. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं पुन्हा तिथेच. डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. तेवढा वेळ वहिनींनी पर्सचा बंद घट्ट धरून ठेवला होता.

"सूज परतलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "हे सगळं गॅसचं आहे. आठवडाभर विश्रांती, मग मुगाचं दोन चमचे वरण. पचलं तर हळूहळू पुढे. पण मला सांगा, एकदम चार दिवस वाटीभर खायला सांगितलं कुणी?"

वहिनींनी पर्समधून कात्रण काढलं. "यांच्याच पेपरात आलंय. तुमचंच नाव आहे."

डॉक्टरांनी वाचलं, मागची बाजूही पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. "मी दारात थांबवून जे सांगितलं, ते कुठाय यात?"

मी परांजप्यांकडे पाहिलं.

"मी कापलं," परांजपे म्हणाले.

वहिनी खुर्चीतच त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? विचारल्याशिवाय खायचं नाही, हे तुम्ही वाचलं होतंत?"

"हो."

"अहो, मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना मला!"

परांजप्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"पहिल्या दिवशी मटकी होती."