चौकातली संत्री

काल अकोल्याच्या घरी नातीने संत्रं सोललं आणि त्या वासासरशी मला वरूडचा आमचा चौक आठवला.

मिरवणुकीवर दगड पडल्यापासून बाजार बंद होता. शेजारच्या कमलकाकूंनी हिंदू-मुसलमान दोन्ही मोहल्ल्यांतल्या बायकांची शांतता समिती उभी केली होती. मी तेव्हा कॉलेजात होते. "चाल वं माह्यासंगं," म्हणत त्यांनी मलाही ओढलं. चौकाच्या मधोमध आम्ही सतरंजी टाकून बसलो. दोन्ही बाजूंना तरणी माणसं जमली, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात दगड. मी काकूंना चिकटून बसले. काकूंनी मात्र आपल्या बागेतल्या संत्र्यांची टोपली पुढे सरकवली.

"इकडं ये रे गजानन. दगड धरून संत्रं कसं सोलशीन? ठेव तो खाली."

गजानन ओशाळून हसला आणि त्याने दगड टाकला. मग पलीकडून रशीदभाई आला. हळूहळू सतरंजीवर सालींचा ढीग झाला.

काकूंना भीती ठाऊकच नाही, असं मी वर्षानुवर्षं समजत होते. त्या थकल्यावर एकदा विचारलं, "काकू, तुमाले भेव नाई वाटलं?"

"लै वाटलं वं," त्या म्हणाल्या. "म्हणून तं तुले बाजूले बसवलं होतं."