लॅपविंगचा डावा पाय

एझ्रा केरिजला मी कधी पाठ टेकून बसलेला पाहिला नाही. इंग्लंडातल्या शर्यतींच्या गावात, न्यूमार्केटात, माझं खोगिरांचं दुकान, आणि त्याच्यावरचा माळा त्याने चित्रं काढायला घेतलेला. सोळा वर्षं माझ्या डोक्यावर त्याची पावलं वाजत राहिली. खिडकीपासून चित्रापर्यंत, चित्रापासून पुन्हा खिडकीपर्यंत. गिऱ्हाईक वर बघून विचारायचं, "नोआ, वर घोडा बांधलाय की काय?"

मी म्हणायचो, "घोडा असता तर एव्हाना थकला असता."

त्याचा बाप मोतद्दार. एझ्राही बाराव्या वर्षी पागेत लागला तो जॉकी व्हायचं ठरवूनच. पण सोळाव्या वर्षी असा काही वाढला, की घोड्यावर बसला तर पाय जमिनीला लागतील अशी थट्टा व्हायला लागली. पागेतून सुटला आणि गाड्या रंगवायला, खानावळींच्या पाट्या रंगवायला लागला. एका पाटीवर त्याने तांबडा घोडा काढला होता. एक जुना ट्रेनर दारू प्यायला आत जाता जाता थबकला आणि म्हणाला, "अरे, हा तर माझा घोडा. याचा मागचा पुठ्ठा मी अंधारातसुद्धा ओळखेन." तिथून एझ्राला घोड्यांची कामं मिळायला लागली.

आमच्या गावात घोड्यांचे चित्रकार काही कमी नव्हते. बहुतेकांचं काम ठरीव. डोकं लहान, मान लांब, पाय कोळ्यासारखे बारीक, मालक खूश. एझ्राचं तसं नव्हतं. कागद काढायच्या आधी तो घोड्याजवळ जायचा, मानेपासून खुरापर्यंत हात फिरवायचा, चारी पाय चाचपायचा. तासभर हेच. मालक वैतागायचे. "केरिज, चित्र काढायचंय की घोडा विकत घ्यायचाय?"

"हाताला कळल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही, साहेब," एवढंच तो म्हणायचा, आणि दुसऱ्या पायाकडे वळायचा.

एकदा एका शिकारमंडळाने त्याला मोठं चित्र सांगितलं. अकरा जण, अकरा घोडे, कुत्र्यांचा ताफा आणि पुढे पळणारा कोल्हा. अकराही जणांनी त्याला एकेकटं गाठून सांगितलं, की मला सगळ्यांच्या पुढे दाखव. महिनाभर तो माझ्या डोक्यावर येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्याने कोल्ह्यालाच परत फिरवला आणि सगळ्यांना एका ओळीत कुंपणाशी उभं केलं. नऊ जण खूश झाले. उरलेल्या दोघांचं, कुणाचा घोडा नाकभर पुढे आहे यावरून, आपापसांत बोलणं बंद झालं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. लॅपविंगचं नाही गेलं.

लॅपविंग ही कॅप्टन स्ट्रेटनची घोडी. काळसर तपकिरी, कपाळावर अर्ध्या बोटाएवढा पांढरा ठिपका. शिंगरू असताना टिटवीसारखी उगाच ओरडत माळभर पळायची, म्हणून टिटवीचं नाव मिळालेलं. तीन वर्षं शर्यती धावली, दोन चांगल्या जिंकली, आणि त्या सप्टेंबरात कॅप्टनने तिला शर्यतींतून काढली. लेस्टरशायरमधल्या मिसेस ब्लेडन या विधवा बाईला शिकारीसाठी घोडी हवी होती. बाईंचा नवरा कॅप्टनचा दोस्त होता. तेव्हा आधी चित्र पाठवायचं, बाईंना पसंत पडलं की मागून घोडी जायची, असं ठरलं.

एझ्राने चित्र पूर्ण केलं आणि मला वर बोलावलं. मी पन्नास वर्षं घोड्यांच्या पाठींसाठी कातडं कापतोय. ते चित्र पाहिल्यावर माझा हात आपोआप पुढे गेला, तिच्या मानेवर ठेवायला. डाव्या पुढच्या पायाशी मात्र मी थांबलो. गुडघ्याखाली, मागच्या शिरेवर, एक जाडसर फुगवटा होता. अगदी थोडा. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसावा इतका.

"आहे का तसा?" मी विचारलं.

"आहे. जुनं दुखणं आहे. हात लावला की दोरीची गाठ लागते."

दुसऱ्या दिवशी कॅप्टन आला. मी खाली जीन शिवत होतो, जिन्याचं दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. तो मोठ्याने बोललाच नाही. हसत हसत म्हणाला, "केरिज, छान जमलंय. फक्त पायाला माती लागलीय बघ तिथे. तेवढी पुसून टाक."

"ती माती नाही, कॅप्टनसाहेब."

"माझ्या घोडीच्या पायाला काय लागलंय ते मला माहीत असेल की तुला?"

एझ्राची पावलं खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. मग कॅप्टन म्हणाला, "पुढच्या हंगामात माझ्या सातही घोड्यांची चित्रं करायची आहेत. कुणाला सांगू, अजून ठरवलेलं नाही."

एझ्राने तो फुगवटा पुसला. पाव तासही लागला नाही. संध्याकाळी ओलं चित्र पेटीत ठोकून आगगाडीने रवाना झालं, पाठोपाठ दोन आठवड्यांनी घोडीही गेली.

त्यानंतर माझ्या डोक्यावरची पावलं बदलली. पूर्वी एक चाल होती, खिडकी ते चित्र. आता कुठेही चालायला लागली, मध्येच थांबायला लागली. घेतलेली कामं अर्धवट सोडून तो सकाळी माळावर जायचा, सरावाला निघालेल्या घोड्यांच्या रांगांमागे मैलच्या मैल चालायचा. एका हातात पाव, एका हातात सॉसेज, दोन्ही तसेच परत यायचे.

एक दिवस तो खाली आला. "नोआ, तुझं अक्षर चांगलं आहे. त्या बाईंना एक पत्र लिहून दे."

"काय लिहू?"

"पाय खराब आहे म्हणून."

मी हातातली कातडं टोचायची आर खाली ठेवली नाही. म्हटलं, "बाईंकडे मोतद्दार असेल, घोड्यांचा डॉक्टर असेल. त्यांना डोळे नाहीत का? आणि कॅप्टनला कळलं तर? त्याच्या पागेचं सगळं सामान माझ्याकडून जातं."

"नाव माझंच घालायचं."

"अक्षर माझं ओळखतात."

तो जिन्याकडे वळला. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं." रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर आवाजच नव्हता. वर जाऊन पाहिलं तर रंगाची पेटी नव्हती, कोटही नव्हता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. थोडं एझ्राने सांगितलं, बाकीचं नंतर सायलस डॅककडून कळलं. सायलस कोण ते येईलच.

नोव्हेंबरचा मध्य. शिकारीचा हंगाम लागलेला. केंब्रिजला, मग पीटरबरोला गाड्या बदलत एझ्रा मेल्टनला उतरला आणि तिथून सहा मैल चिखल तुडवत मिसेस ब्लेडनच्या गावी पोचला. घरी कुणी नव्हतं. सगळे चर्चपुढच्या मैदानावर शिकारीला जमलेले. लाल कोट, चेरी ब्रँडीचे पेले, घोड्यांच्या पायांतून फिरणारी कुत्री. आणि मधोमध काळ्या पोशाखात, बायकी खोगिरावर एका बाजूला पाय टाकून बसलेल्या मिसेस ब्लेडन. खाली लॅपविंग.

कुत्री निघायच्या बेतात होती. एझ्राने सरळ जाऊन लगाम धरला.

"सोड," बाई म्हणाल्या. "कोण तू?"

"या घोडीचं चित्र मी काढलंय, बाईसाहेब. आज कुंपणावरून उडी मारायला लावू नका हिला. डावा पाय टिकणार नाही."

"पाय बरा झालाय. येताना गाडीत आपटला होता. तीन आठवडे विश्रांती दिली आहे."

"आपटला नाही. दीड वर्षापासून असाच आहे. मी चित्रातून तो फुगवटा पुसला."

आजूबाजूचे घोडे थांबले. कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या उतरल्या, हातमोजा काढला आणि चिखलात एक गुडघा टेकून बसल्या. एझ्राने त्यांचा हात धरून शिरेवर ठेवला. तसा हात धरायची रीत नाही, पण तेव्हा कुणाला त्याचं भान नव्हतं.

"नवी सूज मऊ असते. दाबली की खळगा पडतो," तो म्हणाला. "हे दाबून बघा."

त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग उजवा पाय चाचपला, परत डावा. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"सायलसने हेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"कोण सायलस?"

"माझा मोतद्दार. घोडीला आणायला त्यालाच पाठवलं होतं. पाय आधीपासून असाच आहे म्हणाला, शपथ घेऊन म्हणाला. मी त्याला माझ्या जेवणघरात नेलं आणि चित्र दाखवलं. म्हटलं, हे बघ, इथे काही दिसतंय का? वाटेत तुझ्या हलगर्जीपणाने झालं आणि वर खोटं बोलतोस." त्यांनी हातमोजा परत चढवला. "नऊ वर्षं होता माझ्याकडे. शिफारसपत्रसुद्धा दिलं नाही."

शिफारसपत्राशिवाय मोतद्दाराला कुठलीही पागा दारात उभं करत नाही. एझ्राचा बाप मोतद्दार होता, त्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

शिकार त्यांच्याविना निघून गेली. एझ्राने तिथेच विचारलं, "कुठे गेला असेल?"

"लेस्टरला त्याच्या बायकोचा भाऊ आहे. याहून मला माहीत नाही."

"तो सापडला तर परत घ्याल?"

"तू आधी शोध."

एझ्रा तसाच निघाला. लेस्टरमध्ये त्याने अकरा दिवस काढले. भाड्याच्या घोड्यांचे तबेले, बिअरच्या गाड्यांचे तबेले, नालबंद, सगळीकडे विचारत फिरला. एका नालबंदाने सांगितलं, की असा एक जण आला होता खरा, पण कागद दाखव म्हटल्यावर गेला. दुसऱ्याने सांगितलं, कालव्याकडे बघ. कालव्याच्या धक्क्यावर कोळशाने भरलेली नाव रिकामी करणाऱ्यांत एक ठेंगणा, वाकड्या पायांचा माणूस होता. ते पाय घोड्यावर बसणाऱ्याचे, कोळसा वाहणाऱ्याचे नव्हतेच.

"सायलस डॅक?"

"असेन. तू कोण?"

एझ्राने सगळं सांगितलं, काही न लपवता. सायलस फावडं न थांबवता ऐकत होता. मग त्याने फावडं ठेवलं, हात पँटला पुसले आणि एझ्राच्या तोंडावर एक ठोसा दिला. एझ्रा कोळशाच्या ढिगावर पडला. धक्क्यावरचे लोक जमले, मुकादम ओरडला. सायलस वाकून त्याच्याकडे बघत म्हणाला, "घोडीला पळवलं का त्या दिवशी?"

"नाही. वेळेवर पोचलो."

"मग ठीक आहे," सायलस म्हणाला आणि त्याला उठवायला हात दिला.

सायलस लगेच परत गेला असं नाही. बायको तयार नव्हती. "तुझा शब्द चालला नाही आणि एका रंगाऱ्याचा चालला, अशा घरात मी पाय ठेवणार नाही," असं तिने एझ्रासमोरच सुनावलं. शेवटी मिसेस ब्लेडन स्वतः बग्गी घेऊन लेस्टरच्या त्या गल्लीत आल्या. आत काय बोलणं झालं ते सायलसने मला कधी सांगितलं नाही. इतकंच म्हणाला, की बाई उभ्याच होत्या आणि आम्ही त्यांना बसा म्हटलं नाही. पण ख्रिसमसच्या आत तो पागेत परत आला.

इकडे कॅप्टनला सगळं कळलंच. त्याने ना आरडाओरडा केला, ना कोर्टकचेरी. फक्त प्रत्येक पागेत, प्रत्येक जेवणाच्या टेबलावर तो सांगत फिरला, की केरिज बिचारा डोक्याने जरा हलला आहे, घोड्यांचे पाय त्याला नीट दिसत नाहीत. महिनाभरात एझ्राकडे एकही काम उरलं नाही. माझ्याकडचं काम चालूच राहिलं. कॅप्टन स्वतः दुकानात येऊन म्हणाला, "नोआ, तू शहाणा आहेस." मी त्याचे लगाम बांधून दिले.

जानेवारीत एझ्रा सामान न्यायला आला. त्याच्या ओठावर वण राहिला होता. मी म्हटलं, "मी ते पत्र लिहायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "ती पेटी जरा जिन्यावरून खाली धर."

त्यानंतर तो मेल्टनच्या बाजूलाच राहिला, म्हणजे एका जागी असा राहिला नाहीच. शेतकऱ्यांचे नांगराचे घोडे, बक्षीस मिळवलेले बैल, गिरणीवाल्याचं तट्टू, जे सांगतील ते काढायचा. शेताशेतांतून पायी हिंडायचा. लॅपविंगला मिसेस ब्लेडननी पुन्हा शिकारीला काढलं नाही. तिला तीन शिंगरं झाली, तिन्ही सायलसनेच वाढवली. मला मात्र अनेक वर्षं दुपारी काम करताना वर पावलं वाजल्यासारखी वाटायची. माळ्यावर तोवर घड्याळं दुरुस्त करणारा एक शांत म्हातारा राहायला आला होता. तो जागचा हलायचासुद्धा नाही. मीच उठून दुकानात फेऱ्या मारायला लागायचो. बायको विचारायची, काय शोधताय.

अठराशे एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात एझ्रा दोन शेतांच्या मधल्या रस्त्यावर बर्फात सापडला. तापाने फणफणलेला. सायलसच्या घरी नेलं, चौथ्या दिवशी गेला. मी दफनाला गेलो होतो. परतताना सायलसने मला एका शेतकऱ्याकडे नेलं. तिथे एझ्राचं शेवटचं काम होतं, म्हाताऱ्या नांगराच्या घोडीचं. घोडी पूर्ण झाली होती. तिच्या मागे नुसता कोरा कॅनव्हास होता, ना आभाळ, ना जमीन.

मी शेतकऱ्याला म्हटलं, की न्यूमार्केटात माझ्या ओळखीचे चित्रकार आहेत, त्यांच्याकडून मागचं पूर्ण करून देतो.

"नको," तो म्हणाला. "दुसऱ्याचा हात लावू नका." आणि त्याने ते चित्र स्वयंपाकघरातल्या चुलीपासून दूर, धूर लागणार नाही अशा भिंतीवर नेऊन टांगलं.