रुळाजवळची फुली

काल आपल्या अंगणाच्या फाटकाला लाल रंग दिला आणि त्या वासाने, बाळांनो, मला रेल्वेची, पुढे रूळ आहेत असं सांगणारी, खांबावरची ताजी रंगवलेली फुली आठवली. आपल्या भरे गावाहून आम्ही जीपने लांबच्या गावी लग्नाला निघालो होतो. तान्ही तुमची आई माझ्या मांडीवर होती. आपल्या मुळशी तालुक्यात रेल्वेच नाही, त्यामुळे फुली पाहून जीपवाले काका म्हणाले, "रस्ता बंद हाय, वयनी." वळायला जागा हवी म्हणून त्यांनी जीप पुढे घेतली ती नकळत थेट रुळांवर, आणि तिथेच ती बंद पडली. तेवढ्यात लांबून इंजिनाची शिट्टी आली. "पोरीला घेऊन उतरा आधी," काका ओरडले. मी पळाले. तुमच्या आजोबांनी आणि काकांनी जीप ढकलून बाहेर काढली, मागून आगगाडी धडधडत गेली. काका म्हणाले, "फुली म्हंजी बंद, आमाला येवढंच ठावं." आता तुमची आई तिकडे परगावी स्वतः मोटार चालवते. वाटेत रूळ लागतात, असं ती फोनवर म्हणाली की माझे हात अजून मांडीवर ती तान्ही असल्यासारखे घट्ट आवळतात.