निमोण्याची काचेची तार

निमोण्याच्या लोकांना मी फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना कदाचित हसू येईल आणि त्या हसण्यात माझा अपराध लहान दिसेल.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी शिरूरला टेलिफोनच्या खात्यात लाइनमन होतो. वय पंचविशीचं. एक सायकल, कमरेला चामडी पट्टा, पिशवीत पक्कड आणि खांद्याला एक हातफोन. खांबावर चढून त्याचे चिमटे तारेला लावले की लाइन तपासता यायची. त्याचं बटण दाबून बोललं की माझा आवाज लाइनवर जायचा, नाही दाबलं तर नुसतं ऐकू यायचं. शिरूर ते निमोणे ही तार माझ्याकडे होती. निमोण्यात फोन एकच, किराणा दुकानदाराच्या ओसरीवर, कारण गावचा पोस्टमास्तरही तोच.

तार म्हणजे खांबांवरून जाणाऱ्या दोन उघड्या तारा, तांब्याच्या. पाऊस आला की त्यात जुनं धोतर फाडल्यासारखा आवाज यायचा. दौंड एसटीनं दोन तासांवर, पण तिथं बोलायचं तर आवाज आधी शिरूरला, मग पुण्याला आणि तिथून फिरून दौंडला जायचा. वाटेत त्याला परक्यांचे आवाज चिकटायचे. आपण बहिणीची खुशाली विचारावी आणि उत्तरात कुणीतरी कांद्याचा भाव सांगावा, असं नेहमी चालायचं.

पण खरं दुखणं चोरीचं होतं, आणि ते मीच लावून घेतलं होतं.

माझ्या आईचं मनगट दुखायचं. वातावर तांब्याचं कडं चांगलं असं सगळेच म्हणत. लाइनच्या कामात एक वीतभर तुकडा उरला होता, तो ठोकून मी तिला कडं करून दिलं. सरकारी तांबं होतं, पण तुकडाच होता, असं मी मनाशी म्हणालो. दुसरं कडं मी निमोण्याच्या आबांना दिलं. आबांचे वडील मेंढरं घेऊन फिरलेले. आबांनी मेंढरं विकून ज्वारी धरली होती. त्यांची वस्ती माझ्या वाटेवर होती आणि तिथं ताक प्यायल्याशिवाय मला कुणी पुढं जाऊ देत नसे. आठ दिवसांत आबांचा हात खांद्याच्या वर जायला लागला. तो हात आबांनी गावभर वर करून दाखवला.

मग सगळ्यांनाच कडं हवं झालं. मी नाही म्हणालो. आणि एका सकाळी ओढ्याजवळच्या दोन खांबांमधली तार नाहीशी झाली. पंधरा दिवसांनी पुढच्या दोन खांबांमधली. बाजाराच्या दिवशी लोक रामराम घालायला हात वर करत आणि प्रत्येक हातावर मला माझी लाइन दिसे. तिची जाडी मी डोळे मिटूनही ओळखली असती.

शिरूरचे आमचे साहेब म्हणाले, "आता एक जरी तार गेली तर चौकशी लावतो. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे आईच्या मनगटापासून.

त्याच सुमारास रविवारच्या पुरवणीत मी वाचलं, की परदेशात केसाएवढ्या बारीक काचेतून उजेड पाठवतात आणि त्या उजेडातून बोलणं जातं. तांबं लागतच नाही. मी निमोण्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींकडे गेलो. ते गावच्याच बौद्धवाड्यातले, शिकून मास्तर झालेले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे भरीव काचेची एक कांडी होती, मधे वाकलेली. एका टोकाला बॅटरी धरली की उजेड वाकणातून वळून दुसऱ्या टोकाला बाहेर येई. गुरुजींनी कांडी आनंदानं दिली. विज्ञान गावात जातंय, म्हणाले.

भर दुपारी वर्गाच्या खिडक्या लावून मी प्रयोग दाखवला. त्याआधी दोन दिवस गावाजवळच्या तारेला मी खांबांचा चंदेरी रंग चिंधीनं फासून ठेवला होता. उन्हात ती अशी चमकायची की मलाच शंका यावी.

"खात्यानं तांबं काढलंय," मी म्हणालो. "आता निमोण्याला काचेची तार आहे."

"काच म्हंजी फुटनार की," एक जण म्हणाला.

"केसासारखी बारीक केली की वाकते."

"आन् मोडीत काय भाव मिळंल?"

"फुटक्या बांगडीला मिळतो तेवढा."

तीन-चार जणांनी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात पुढं बसलेल्या आबांनी विचारलं, "उजेड हिकडून तिकडं जातो म्हंता. मग बोलनाऱ्याचं त्वांडबी जात आसंल?"

नाही म्हणायला हवं होतं. पण पन्नास माणसं माझ्याकडे मी आत्ताच विलायतेहून उतरल्यासारखी बघत होती. "जातं की," मी म्हणालो. "अगदी स्वच्छ नाही, पण जातं."

लोक पांगल्यावर गुरुजींनी कांडी पुसून कपाटात ठेवली. म्हणाले, "आमच्या वस्तीत लहानपणापासून शिकवतात, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. आज माझ्याच वर्गात गावानं मानलं. तेही माझी कांडी बघून."

चोऱ्या थांबल्या. पण पोस्टमास्तरांच्या ओसरीवर आरसा लागला, खिळ्याला कंगवा लटकला. बायका पदर नीट केल्याशिवाय फोनला हात लावीनात. एकानं नवा बैल ओसरीपर्यंत आणून फोनचं तोंड त्याच्या शिंगांकडे धरलं आणि पलीकडच्या मेहुण्याला विचारलं, "कसा हाय?" मेहुणा बैलाचा सौदा आधीच ऐकून असावा. तो म्हणाला, "बरा हाय." झालं, गावाची खात्रीच पटली.

आबांची मुलगी दौंडला दिलेली होती, जावई रेल्वेत. लग्नात मानपानावरून आबांचं व्याह्यांशी वाजलं आणि मांडवातच ते मुलीला म्हणाले, "तुझ्या दारात पाय ठिवनार न्हाई." तीन वर्षं बापलेकींत शब्द नव्हता. तिला मुलगा झाला तरी आबा गेले नाहीत. जायचं होतं, पण सगळ्या गावादेखत बोलून बसले होते. आणि मग मुलीचंच कार्ड आलं. गुरुवारी अकरा वाजता ती दौंडच्या पोस्टातून फोन लावणार होती. आबांनी ते कार्ड मला दाखवलं, पोस्टमास्तरांना दाखवलं, बांधावरच्या माणसांनाही दाखवलं. मला म्हणाले, "दारात पाय न ठिवता भेट हुतीय. तेवढी तार सांभाळा, लायनमन."

गुरुवारी सकाळी नऊला वस्तीवर पोचलो तर आबा भिंतीकडे तोंड करून बसलेले. न्हावीमामा बाजूला उभे, वस्तरा हातात, चेहरा पडलेला.

"डावीकडं जरा जादा ग्येली," ते मला म्हणाले. "म्हनून उजवी बारीक क्येली. तर ती जादा ग्येली."

आबा वळले. मिशी नव्हती. आमच्याकडे आई किंवा बाप गेल्यावर माणूस मिशी उतरवतो, एरवी नाही. आबांचा बाप कधीच गेलेला. आई नव्वदीची, आतल्या खोलीत दुधात भाकरी कुस्करत बसली होती.

"आता कसा जाऊ फोनवर?" आबा म्हणाले. "पोरगी मला बघंल आन् छाती बडवंल. आजी ग्येली म्हनंल. तीन सालांनी त्वांड दावायचं आन् त्ये आसलं?"

हीच वेळ होती. आबा, काही दिसत नाही, मी खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढं साहेब आले, चौकशी आली, आईचं मनगट आलं. मी म्हणालो, "आबा, तोंडाला पंचा बांधा."

"पंचा? म्या काय चोर हाय?" आबा कडाडले. त्यांच्या कड्याकडे बघायचं मी टाळलं. मग ते एकदम उठले. "म्हातारीलाच घ्या गाडीत. ती जिती दिसली म्हंजी मिटलं."

आजींना नवं लुगडं नेसवलं, बैलगाडीत गादी घातली आणि पोस्टमास्तरांच्या ओसरीवर खुर्चीत आणून बसवलं. त्यांना ऐकू येत नव्हतं. कुणाचं तरी लग्न असावं असं समजून त्या सगळ्यांकडे बघून हसत होत्या. मी समोरच्या खांबावर चढलो आणि हातफोन तारेला लावला. लाइन नीट राहावी म्हणून, असं मी म्हणेन. पण चोरून ऐकायला नियमात मनाई होती आणि ते मला ठाऊक होतं.

अकराला घंटा वाजली. पोस्टमास्तरांनी फोन आबांच्या हातात दिला. आपलं तोंड आधी जाऊ नये म्हणून आबांनी तो कानाला लावलाच नाही. हात लांब करून फोनचं तोंड आजींकडे धरलं.

"उजेडाकडं फिरवा म्हातारीला," कुणी म्हणालं. खुर्ची फिरवली.

"आजी, हसा."

"हसतीया की कवाची. पदर मागं घ्या, कपाळ दिसंना."

ओसरीवरचं बोलणं तारेत नुसता गलका होऊन जात होतं, पण माझ्या कानात मुलीचा आवाज स्पष्ट आला. "आबा, मी बोलतीय." मग थोडं थांबून, "आबा? राग हाय का अजून?" आबांनी फोन आजींच्या हातांवरून पायांपर्यंत हळूच खाली नेला. सगळी म्हातारी दाखवायची होती. "बोला की आबा. एक शब्द तरी बोला." मध्येच कुणाचा तरी आवाज आला, ट्रक यवतपर्यंत आलाय म्हणून. मग पुन्हा ती. "आबा, पोराला दोन दात आल्यात."

माझा अंगठा बटणावर होता. दाबलं असतं आणि म्हटलं असतं, बाई, तुमचे वडील रागावलेले नाहीत, ते तुम्हाला आजी दाखवताहेत, तर तीन सेकंदांचं काम होतं. मी दाबलं नाही. ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली. "बरं, ठेवते," ती म्हणाली. ती रडत होती.

आबांनी आता कुठं फोन कानाला लावला, नुसती घूं ऐकली आणि खूश होऊन ठेवला. "बघितलं तिनं. जीव भांड्यात पडला आसंल पोरीचा." सगळ्यांना चहा सांगितला. मलाही खाली बोलावलं. एकाच तारेचं एक टोक चहा पीत होतं आणि दुसरं दौंडच्या पोस्टात डोळे पुसत होतं, आणि हे माहीत असलेला सगळ्या मुलखात मी एकटा होतो. तो चहा मी प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून दौंडला गेलो. रेल्वेच्या चाळीत तिचं घर सापडलं. दारातच उभा राहून मी सगळं सांगितलं. कडं, चोऱ्या, कांडी, चंदेरी रंग, बटणावरचा अंगठा. आबा फोनमधून आजी दाखवत होते हेही सांगितलं.

"म्हंजी रागावलं न्हाईत?"

"नाहीत."

"तुमच्याएवढा खोटारडा मानूस म्या बघितला न्हाई," ती म्हणाली आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली. "एसटी कितीला हाय?"

गाडीत ती माझ्याशी बोलली नाही. गर्दी होती म्हणून मूल तेवढं माझ्या मांडीवर दिलं. त्यानं माझा तोच अंगठा तोंडात घेतला. दात खरंच दोन होते.

निमोण्याला उतरलो तर समोर पारावर आबाच बसलेले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, ओठावर पाहिलं आणि "आजी गं!" म्हणून असा हंबरडा फोडला की एसटीच्या खिडक्यांतून लोक बाहेर वाकले. ती धुळीतच बसली. मी माझं सगळं पाप कबूल केलं होतं. मिशीत माझा दोष नव्हता, म्हणून मिशी सांगायची राहून गेली होती.

रडणं ऐकून बायका धावल्या. आबा काही बोलायच्या आत निम्मं गाव वस्तीकडे सांत्वनाला निघालं. तिथं आजी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं, कालचं लग्न अजून चालू आहे.

पारावर आबांनी पटक्याच्या शेमल्यानं मुलीचं तोंड पुसलं, नातू कडेवर घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो.

"लायनमन, तुमची काच धुरकट हाय. काल म्हातारी धडधडीत दावली, तरी पोरीला दिसली न्हाई."

आता ती सांगणार म्हणून मी मान खाली घातली. तिनं नाक पुसलं. म्हणाली, "व्हय आबा. निस्ती सावली दिसली."

मग ती दोघं बोलत वस्तीकडे गेली. तीन वर्षांचं बोलणं होतं, ती पार ओढ्यापलीकडे जाईपर्यंत मला ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात गुरुजींनी मला त्याच वर्गात पुन्हा उभं केलं. तार तांब्याचीच आहे, वर रंग आहे, तोंड दिसत नाही, सगळं मी सांगितलं. माझ्या कड्याचंही सांगितलं. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "वरनं हुकूम आल्याला दिसतोय. काच लई म्हाग आसंल, म्हनून बोंबलू देत न्हाईत." सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींनी कपाळाला हात लावला. तार पुन्हा कधी गेली नाही, त्यामुळे चौकशीही झाली नाही.

आता मी पन्नाशीला आलो. आबा नाहीत. गेल्या महिन्यात त्याच रस्त्याच्या कडेला चर खणून आम्ही खरी काचेची केबल पुरली. काचेला चोर विचारत नाही. तिच्यात कांद्याचा भाव मिसळत नाही, वीज कडाडली तरी खरखर नाही. जोड मात्र पक्कडीनं पिळून देता येत नाही, टोकं यंत्रात धरून वितळवावी लागतात. आणि खांबावर चढून, चिमटे लावून कुणाला काही ऐकताही येत नाही. नव्या पोरांना मी हे सगळे फायदे सांगतो. शेवटचा सांगताना मी अडखळतो, कारण त्या दिवशी खरोखरच काच असती तर मला ती मुलगी ऐकू आली नसती आणि मी दौंडला गेलो नसतो.

केबल पुरताना काठीवर टेकून एक म्हातारा बघत उभा होता. सदऱ्याच्या बाहीतून त्याचं कडं दिसत होतं. म्हणाला, "परत काच? आमच्याकडं लई सालांपास्नं हाय की."

त्याच्या मनगटाकडे बघत मी म्हणालो, "जुनी धुरकट झाली होती."