डब्यावरचं नाव

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. पूजा रोज करत होते, दिवा लावत होते, मंगळवारचा उपास धरत होते. पण तिच्याशी बोलत नव्हते. घरातल्या माणसाशी अबोला धरावा आणि तरी त्याला वेळेवर ताट वाढावं, तसं चार वर्षं चाललं होतं. कारण माझी आई. डोणगावला तिचं अखेरचं सुरू झालं तेव्हा शेजारच्या सुमनकाकूंचा फोन आला, "बाई, निंघ लवकर." मला सगळे बाईच म्हणत. मी तेव्हा चिखलीजवळच्या एका खेड्यात शिक्षिका होते आणि त्या दिवशी वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर होता. एवढा पेपर आटोपला की निघते, असं म्हणाले. पोचले तेव्हा आई जाऊन तास उलटला होता. सुमनकाकूंनी सांगितलं, शेवटपर्यंत ती दाराकडे पाहून एकच विचारत होती, "बाई, आली का वं?" त्या हाकेला ओ द्यायला मी नव्हते. तासभर थांबवता आलं नसतं का तुला तिला, असं मी देवीला विचारलं आणि मग बोलणंच टाकलं. पेपर सोडून निघणं माझ्या हातात होतं, हे कळत होतं. पण स्वतःवर रुसून माणूस राहणार कुठे? देवीवर रुसणं सोपं होतं.

आईला मुलगा नव्हता, म्हणून तिचं देवघर माझ्याकडे आलं. त्यात रेणुकेचा टाक आहे, तळहातात मावणारा चांदीचा पातळ पत्रा, त्यावर देवीचा मुखवटा उठवलेला. आई रोज सकाळी चिंच लावून तो अंगठ्याने घासायची. साठ वर्षं घासून घासून देवीचं नाक झिजलं, डोळे झिजले आणि चेहऱ्याच्या जागी एक गुळगुळीत खोलगट खूण उरली. त्या खुणेत माझा अंगठा बरोबर बसतो. पूजा करताना मी नेमकं कुणाला हात लावते, देवीला की आईला, हे मला विचारू नका.

प्रवासात देवीसाठी आईचाच एक स्टीलचा डबा होता. आमच्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेतात, तसं त्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं होतं, 'सौ. कमलाबाई, डोणगाव'. लहानपणी गल्लीतून कुणी बाया "कमलाबाई वं!" अशी हाक मारायच्या. आई चुलीपुढे असायची. तिथूनच मला म्हणायची, "ओ दे वं बाई, माहे हात पिठात हायेत." मग मी ओसरीवर धावत जाऊन तिच्या नावाला ओ द्यायची. ते माझं कामच होतं.

आता युरोपच्या प्रवासाचं सांगते. शकीला, विशाखा आणि मी, आम्ही तिघी एकाच शाळेत होतो आणि तीस वर्षं एकाच काळीपिवळी जीपमध्ये कोंबून गेलो-आलो. शकीला गणिताची, विशाखा इतिहासाची. आमच्या चिखलीला रेल्वे नाही. येणार, येणार हे माझ्या आजोबांनी ऐकलं, वडिलांनी ऐकलं, आम्हीही ऐकतो आहोत. जीपमध्ये गुडघे आखडले की शकीला म्हणायची, "रिटायर झालो ना, तर रेल्वेत बसून असं पाय पसरून दुनिया पाहू." ती चेष्टा एक दिवस खरी झाली. विशाखाच्या मुलीने तिकिटांचं सगळं जमवून दिलं आणि ऐन वैशाखात, चिखलीत डांबर वितळत असताना, आम्ही तिघी स्वित्झर्लंडच्या बर्फाकडे निघालो.

हे तेव्हा पुण्याला मुलाकडे गेलेले. घर बंद राहणार. अशा वेळी देव तांदळात बसवून शेजारी ठेवतात, ही रीत. शेजारच्या मीराताईंनी स्वतःहून परात पुढे केली होती. "माह्याकडे द्या. तुमी येईस्तोर दिवा लावतो मी. देव का कुठी पळून जाते?" मी नाही दिला टाक. मूठभर तांदूळ, त्यावर लाल कापडात देवी, असा डबा बंद केला आणि बरोबर घेतला. बोलत नव्हते, पण सोडवतही नव्हतं.

हॉटेलांतल्या बेसिनवर मी देवीला आंघोळ घालायची. विशाखा बौद्ध, देवधर्माच्या वाटेला न जाणारी, ती दात घासत उभी राहायची आणि म्हणायची, "आवरा ताई, तुमच्या देवीले गरम पाणी लागते, आमाले थंड उरते." गाड्या मात्र अशा की बोलता सोय नाही. खिडक्या भिंतीएवढ्या. हिरव्या उतारांवर गाई, गळ्यात घंटा. इतकं सुंदर काही दिसलं की आई आठवायची. आईने आयुष्यात मेहकर, चिखली आणि एकदा माहूर पाहिलं होतं. तिला हे दाखवायचं राहिलं, एवढंच मनात यायचं, आणि खिडकीबाहेरचं निम्मं पाहायचं राहून जायचं.

पाचव्या दिवशी आम्हाला एका जंक्शनवर गाडी बदलायची होती. नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. मध्ये अवघी सात मिनिटं. त्या आधीच्या गाडीत समोरच्या आजीबाईंनी एक भलामोठा कुत्रा आणला होता. तो येऊन सरळ माझ्या पायाशी, माझ्या बॅगेला टेकून झोपला. बॅगेत देवी. मला काही राहवेना. मी डबा काढला आणि वरच्या फळीवर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, कोपऱ्यात नीट ठेवला. देव पायाशी नसावा, एवढंच डोक्यात. स्टेशन आलं तशी धावपळ उडाली. पाच बॅगा, तीन स्वेटर, शकीलाची थर्मासची बाटली, सगळं मोजून उतरवलं. दारं मिटली, गाडी हलली, तेव्हा बॅग हलकी लागली.

मी काय ओरडले ते आठवत नाही. विशाखाने ऐकलं, हातातलं सामान जागच्या जागी टाकलं आणि ऑफिसकडे धावत सुटली. जाता जाता मात्र म्हणालीच, "देव वर ठेवला अन् आपण खाली उतरलो, ताई."

ऑफिसातल्या बाई भल्या होत्या. वस्तू काय, असं त्यांनी फॉर्मवर लिहायला सांगितलं. शकीला माझ्याकडे पाहायला लागली, मी तिच्याकडे. शेवटी तिने इंग्रजीत 'स्टीलचा लहान डबा' असं लिहिलं आणि आत काय, या रकान्यात थोडं थांबून 'आईची वस्तू' असं लिहिलं. त्या बाईंनी गाडीतल्या लोकांना फोन लावला. निरोप ठेवते, म्हणाल्या. सापडला तर उद्या-परवा कळेल, नाहीतर पत्त्यावर पाठवू. आमची पुढची गाडी समोर उभी होती. मी दोघींना म्हटलं, तुम्ही जा, मी मागून येते. शकीला चिडलीच. "तीस साल एका जीपमधी बसलो. आता तुमाले या बाकड्यावर टाकून जाऊ? काऊन बोलून राह्यल्या असं?" गाडी गेली. आम्ही तिघी बाकावर बसून राहिलो. शकीलाने डोळे मिटले, तिचे ओठ हलत होते. काय मागत होती ते मी विचारलं नाही.

मी आधी देवीशी भांडले, मनातच. मग नवस बोलले, एकावर एक. मग नवसही संपले. उरला तो नुसता अंगठा. तो आपोआप बोटावर फिरत होता आणि त्याला ती खोलगट जागा सापडत नव्हती. आई दुसऱ्यांदा गेली असं वाटलं, आणि या वेळीही मी उशीरच केला होता. किती वेळ गेला कोण जाणे. समोरच्या डोंगरावरचं ऊन जरा सरकलं. तेव्हा चार वर्षांनी पहिल्यांदा मी तिच्याशी सरळ बोलले. म्हटलं, माय, तुला जिथे राहायचं तिथे राहा. मी काही तुला धरून ठेवू शकत नाही, आईलाही नाही धरता आलं. फक्त कुणाच्या पायाशी राहू नकोस, आणि आई तिकडे भेटली तर तिला सांग, मी निघाले होते. एवढं बोलले आणि ढसाढसा रडले. चार वर्षांचं साचलेलं होतं.

मग मागच्या बाजूने एक गाडी आली. माणसं उतरली, पांगली. आणि त्या परक्या फलाटावर, घंटांच्या आणि घोषणांच्या मधून, एका बाईचा आवाज आला.

"कमलाबाई! कमलाबाई डोणगाव!"

मी विचार केलाच नाही. तोंडातून मोठ्यांदा निघून गेलं, "ओ!"

फलाटाच्या टोकाकडून एक बुटकीशी, गोऱ्या गोल चेहऱ्याची बाई येत होती. अंगात जॅकेट, भांगात शेंदूर. डबा तिने दोन्ही हातांत, छातीशी धरला होता, प्रसाद धरतात तसा. ती नेपाळची होती. पुढच्या गावातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. आम्ही उतरलो त्याच डब्यात मागे बसलेली. उतरायला उठली तर फळीवर एकटाच राहिलेला डबा दिसला, खाली काढला तर झाकणावर अक्षरं. त्यांची लिपी आणि आपली लिपी एकच. "इतने साल में ऐसा अक्षर यहाँ पहली बार देखा," ती म्हणाली. उघडून पाहिलं, हळद-कुंकू पाहिलं, लगेच मिटलं. गाडीतल्या माणसाला निरोप मिळाला होता, डबा मागच्या जंक्शनवर उतरलेल्या बायांचा आहे म्हणून. तो म्हणाला, द्या, ऑफिसात जमा करतो. तिने दिला नाही. कामावर उशीर होईल असं कळवलं आणि परतीच्या गाडीत बसली. "देवी को जमा कैसे करते, आमा?" आमा म्हणजे आई, हे तिनेच सांगितलं. मग झाकणावर बोट ठेवून तिने विचारलं, "आप कमलाबाई?"

मी म्हटलं, "नाही गं. ती माझी आई. मी तिच्या नावाला ओ देते."

तिला मराठी कळली नसेल. पण तिचे डोळे भरून आले. सहा वर्षं तिने स्वतःच्या आईला पाहिलं नव्हतं, हे तिने नंतर सांगितलं. मी डबा उघडला, टाक तिच्या हातावर ठेवला. आजवर तो मी कुणाच्या हातात दिला नव्हता. तिने कुणी न सांगता त्यावर अंगठा ठेवला, अगदी त्या खोलगट जागी, आणि डोळे मिटले. मी घाई केली नाही. मग म्हटलं, माहेरवाशिणीला रिकामी कशी पाठवायची? देवीखालचेच मूठभर तांदूळ घेतले, कुंकू लावलं. चटणीसाठी आणलेली खोबऱ्याची वाटी शकीलाने बॅगेच्या तळातून शोधून काढली. ओटीला पदर कुठला, तर विशाखाने तिच्या जॅकेटचं टोक पदरासारखं पुढे धरून दाखवलं. देव न मानणारी ती! मी विचारलं तर म्हणाली, "आईचं हाये ना हे? मग झालं." ओटी भरली. तिची गाडी आली, ती गेली. गडबडीत मी तिचं नावही विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

ती कोण होती, कुणी पाठवली, हा वाद मी घालत नाही. हॉटेलात काम करणारी एक लेक होती, स्वतःच्या आईसाठी झुरणारी, एवढं मला ठाऊक आहे. मी समजत होते, देवीला मी सांभाळते. त्या फळीवर मी तिला विसरले, आणि तिला सांभाळणारं माणूस मागच्याच बाकावर बसलेलं होतं.

परवा विशाखाच्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस मोताळ्याला जायचं होतं. मी मीराताईंकडे गेले, परात मागितली, तांदूळ पसरले आणि देवी त्यांच्या हातात दिली. मीराताईंनी आधी देवीपुढे दिवा लावला. "हाव, आता समजलं तुमाले," एवढंच म्हणाल्या. एसटीत माझे हात रिकामे होते. आईची आठवण यायची ती आलीच. ती काही कमी होणारी नाही, आणि कमी व्हावी असं मला वाटतही नाही. आता कधी कधी सकाळी, टाक घासताना, तिचा आवाज कानाशी येतो, "बाई, आली का वं?" पूर्वी मी मान खाली घालायची. आता ओ देते. उशिराने दिलेली ओसुद्धा पोचते.