पुलावरची लिंबं

केसरबाईच्या हातचं लिंबाचं लोणचं गल्लीतल्या निम्म्या घरांत जायचं, आणि ती लिंबं कुठली हे तिनं कधी कुणापासून लपवलं नाही. ती भुताची लिंबं होती.

खाम नदीवर जुना दगडी पूल आहे. त्याच्या एका बाजूचा कठडा पाच-सहा फूट तुटलेला. अमावास्या झाली की त्या खिंडाराशी लोक लिंबू, हळदकुंकू, कधी हिरव्या बांगड्या ठेवून जात. केसरबाईनं एकतीस वर्षं शहराचे रस्ते झाडले होते. निवृत्त झाल्यावरही सकाळी उठून ती पूल झाडायची. हळदकुंकू खराट्यानं लोटायची, चांगली लिंबं पदरात घ्यायची. बाबासाहेबांची लेकरं आपण, आपल्याला कसलं भूत, असं म्हणून मीठ लावून बरणी भरायची. पुलाच्या तोंडाशी दाऊदभाईचं चहाचं टपरं होतं. त्यालाही वाटीभर लोणचं मिळायचं. केसरबाईला बाजी, म्हणजे ताई, म्हणणारा तो मिटक्या मारत सांगायचा, "बाजी, भूत का अचार लई झक्कास."

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र त्यात काही नव्हतं. ज्या बाईचं भूत लोक सांगत, ती केसरबाईची थोरली बहीण, सारजा.

एकोणीस वर्षांपूर्वी पाइप टाकायला कुणा ठेकेदारानं कठडा फोडला. पाइप गेला, ठेकेदार गेला, खिंडार राहिलं. श्रावणात नदीला पाणी आलेलं. सारजा डोक्यावर कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन मंडईतून येत होती. समोरून ट्रक आला म्हणून ती कडेला सरली, आणि कडेला काहीच नव्हतं. दाऊदभाईनं दोर टाकून तिला बाहेर काढलं, तोवर संपलं होतं. पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरून. केसरबाई कागद घेऊन एका कचेरीत गेली, तर पूल आमच्याकडं नाही म्हणाले. दुसऱ्या कचेरीत गेली, तर कठडा आमच्याकडं नाही. तिनं रागानं विचारलं होतं की मग नदी तरी कुणाकडं आहे का. शिपायानं तिला बाहेर बसायला सांगितलं.

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला दिवेलागणीला ती खिंडाराशी एक मेणबत्ती लावायची, हात जोडायची आणि मागं न बघता निघून जायची. डोळे भरून यायचे, आणि रस्त्यात रडणं तिला पसंत नव्हतं.

दोनेक वर्षांपासून शनिवारी संध्याकाळी सुदर्शन नावाचा एक तरुण पंधरा-वीस माणसांना शहरातून पायी हिंडवायचा. दरवाजे, कबरी, पडके हमाम, आणि प्रत्येक ठिकाणचं काहीतरी काळंबेरं. पोरगा वागायला चांगला, आवाज गोड. पुलावरही तो थांबतो एवढंच केसरबाईला ठाऊक होतं. काय सांगतो ते तिनं कधी ऐकलं नव्हतं.

यंदा ती तारीख शनिवारी आली. केसरबाईनं मेणबत्ती लावली, पण गुडघ्यानं दगा दिला. म्हणून ती टपरीच्या मागं बाकड्यावर बसली. तेवढ्यात मंडळी आली.

सुदर्शननं आवाज खाली आणला. हिरव्या साडीतली, केस मोकळे सोडलेली एक बाई या पुलावर येते, म्हणाला. एकट्यादुकट्याला खाली ओढते. मागच्या वर्षी एक स्कूटरवाली इथंच पडली, नशिबानं वाचली. मग त्यानं मेणबत्तीकडं बोट दाखवलं. "दर वर्षी याच संध्याकाळी ही आपोआप पेटते. कोण पेटवतं, ते आजवर कुणी पाहिलेलं नाही."

केसरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण बहिणीसाठी लावलेल्या दिव्याचंच लोकांनी भूत केलं होतं. ती उठली, लंगडत त्या घोळक्यात घुसली.

"मी पेटवते," ती म्हणाली. "केसरबाई माझं नाव. ती माझी बहीण. सारजा."

कुणीतरी हसलं.

"हिरवी साडी तिच्याकडं नव्हतीच. डोक्यावर कोथिंबीर व्हती, हिरवं तेवढंच. आणि तिनं कुणाला वढलं नाय. ती पडली, ती स्कूटरवाली बी पडली, कारण इथं कठडा नाय. भूत म्हणलं की कुणी कठड्याचं विचारत नाय, बाबा."

सुदर्शन गोरामोरा झाला. त्यानं हे ऐकीव होतं असं सांगितलं, आणि टपरीकडं पाहिलं. केसरबाईनंही पाहिलं. दाऊदभाई किटलीत डोकं घालून उभा होता.

"तू सांगितलं व्हय रे?"

"मैं कुछ नइं बोल्या, बाजी," तो हळूच म्हणाला. "लोगां बोलते थे, मैं चुप बैठा. भूत के नाम पे चार लोगां रुकते, चाय पीते."

"तूच तिला भायेर काढलं. आन् एकोणीस वर्सं माझं लोणचं खाल्लं."

दाऊदभाईनं किटली खाली ठेवली. घोळक्यातल्या एका बाईनं विचारलं, मग अजून कठडा का नाही? त्या संध्याकाळी केसरबाई निघून गेली नाही. मेणबत्ती विझेपर्यंत तिथंच बसली, आणि लोक बघत असताना रडली.

पुढच्या शनिवारी ती खिंडाराच्या तोंडाशी हजर. सुदर्शन लांबूनच तिला बघून वळला, आणि पूल त्याच्या फेरीतून गेला. खरी गोष्ट सांगायला त्याला कुणी मना केलं नव्हतं. पण तुटका कठडा बघायला कोण पायी हिंडतो? याचा राग तिला भुतापेक्षा जास्त आला.

ती आता रोज दिवेलागणीला तिथं बसते. पहिल्या आठवड्यात दाऊदभाईनं टपरीतलं लांब बाकडं उचलून खिंडारात आडवं टाकलं आणि तारेनं दोन्हीकडच्या दगडांना आवळलं. त्याच्यावर, नदीकडं पाठ करून, ती बसते. येणाऱ्याजाणाऱ्याला सारजाचं नाव आणि कठडा फोडल्याचं साल सांगते. दाऊदभाई चहा आणून देतो. ती घेते, बोलत नाही.

राखणीला माणूस बसल्यावर लिंबं ठेवायला कोण येणार? यंदाच्या लोणच्याला लिंबं बाजारातून आणावी लागली. गल्लीत सगळीकडं वाटीवाटी गेलं. दाऊदभाईची वाटी अजून केसरबाईच्या फळीवर पालथी आहे.